जावळाच्या दिवशी लेकरू रडलं नाही

वस्तरा डोक्यावरून फिरला तरी शिवम रडला नाही.

अकरा महिन्यांचं लेकरू. परवापर्यंत नखं काढायची म्हटलं तरी गल्ली डोक्यावर घेणारं. आणि आज मामाच्या मांडीवर, हलगीच्या कडकडाटात, न्हावी डोक्याला गार पाणी चोळतोय, वस्तरा चालवतोय, तरी आपलं नुसतं पडून. मान मामाच्या दंडावर कलंडलेली. डोळे अर्धे मिटलेले.

मांडव खूश.

"लई गुणी लेकरू हाय!"

"तात्यासाहेबांचा नातू हाय तो. वस्तऱ्याला भितोय व्हय!"

न्हावी हसत म्हणाला, "असं गिऱ्हाईक रोज भेटलं तर मला काय पायजे?"

पडेगावात त्या दिवशी तात्यासाहेबांच्या दारात सगळी भावकी जमली होती. लासूर स्टेशनचे पाहुणे, दौलताबादचे व्याही, मुलाच्या कंपनीतले लोक. बोकडाचं मटण रटरटत होतं. एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही की दुखलं तर लेकरानं रडलं पाहिजे, वस्तरा लागला तर अंग काढून घेतलं पाहिजे, एवढ्या आवाजाला घाबरलं पाहिजे. गप्प पडलेलं लेकरू सगळ्यांना आवडतं. त्याचा कुणाला त्रास नसतो ना.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या रत्नमालेला मात्र आवडलं नाही. ती शिवमची आई. जावळ काढताना आईनं पुढं यायचं नाही म्हणून सासूनं, चतुराबाईनं, तिला दारातच थांबवलं होतं.

"आई, तो रडत कामून नाही ओ?"

"रडला असता तरी तुझी कटकट, नाय रडला तरी कटकट," चतुराबाई म्हणाल्या. "दुखणं गेलं म्हून झोप लागली त्याला. आठवडाभर झोपलं होतं का ते?"

ते खरं होतं. आठवडाभर शिवमला ढाळ लागले होते. दुपटी वाळत नव्हती. रत्नमालेनं त्याला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी दिली, झिंकचं औषध दिलं, अंगावर पाजत राहा म्हणाले, चार दिवसांत आपोआप कमी होईल म्हणाले. त्यावर घरात हसू झालं. तात्यासाहेब म्हणाले, "पैसे घेऊन पाणी पाजायला सांगतो? थांबायचं औषध नाय दिलं? हा कसला डॉक्टर!" रविवारी जावळ, पत्रिका वाटून झालेल्या, बोकड दारात बांधलेला. मामाच्या मांडीवर लेकरानं घाण केली तर व्याह्यांसमोर शोभा काय राहणार, ही घराला खरी काळजी.

आणि शुक्रवारी ढाळ थांबले. एकदम. नळाची चावी फिरवावी तसे. तात्यासाहेब रोज सकाळी नातवाला कोवळं ऊन दाखवायला नि संध्याकाळी गार वाऱ्याला ओट्यावर घेऊन बसायचे. शनिवारी तिथूनच ओरडले, "कोरडा हाय गं गडी! एकदम कोरडा!" रत्नमालेनंही देवाला हात जोडले. दुसरं काय करणार? आई काय नि आजी काय, लेकराचं दुपटं कोरडं दिसलं की बाईला सुटल्यासारखं होतं. आत काय चाललंय ते दुपटं सांगत नाही.

जावळ उरकलं. पुरुषांची पंगत बसली. रत्नमालेचा नवरा इंद्रजीत वाढायला धावत होता. तिचा भाऊ कडुबा मामा म्हणून मानानं तात्यासाहेबांच्या उजव्या हाताला बसला होता. बायका आत भाकरी थापत होत्या, त्यांची पाळी शेवटी. पंगतीतून तात्यासाहेबांचा आवाज आणि लोकांचं हसणं आतपर्यंत येत होतं. शब्द कळत नव्हते, पण गडी खुशीत आहे एवढं कळत होतं.

रत्नमालेनं शिवमला मागच्या खोलीत नेऊन अंगावर घेतलं. त्यानं तोंड लावलं नाही. दूध ओठावरून ओघळून गेलं. तिनं सदरा वर केला आणि तिचा हात थांबला. पोट फुगलेलं. असं फुगलेलं की वरची कातडी चकाकत होती. दाबलं तर घट्ट, ताणलेल्या हलगीसारखं. ती दाबत होती तरी लेकरू डोळे उघडेना. मग त्याला उमाळा आला आणि तोंडातून हिरवं पाणी आलं. दूध नाही. हिरवं.

"आई!"

चतुराबाई आल्या, बघितलं, मीठ-मोहरी आणायला वळल्या. "नजर लागली. एवढ्या माणसांत उघडं ठिवलं त्याला."

"नजर नाही ओ आई, पोट बघा त्याचं!"

"पंगत उठू दे."

तिनं खिडकीतून इंद्रजीतला हाक मारली. तो हातात रश्शाची बादली घेऊन आला, म्हणाला, "पंगत उठू दे ना रत्ना. आत्ता कसं जाता येईल?"

तेव्हा रत्नमालेनं जे केलं ते पडेगाव अजून बोलून दाखवतं. डोक्यावर पदर नाही, ब्लाउजवर हिरवी ओकारी, काखेत लोंबणारं लेकरू, अशी ती भरल्या पंगतीत शिरली. पत्रावळींमधून चालत गेली. सासऱ्याच्या समोर उभी राहिली.

"तात्या, गाडी काढायला सांगा. माझं लेकरू मरू लागलंय."

हलगी बंद पडली. तात्यासाहेबांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी लेकराकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. रत्नमालेला वाटलं, राग आला. राग नव्हता तो.

शहरातल्या लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर आमरीन होत्या. तरुण बाई, बोलायला कमी. पोटाला कानातली नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. जागा बदलून परत ऐकलं.

"आतड्याचा आवाज येत नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात. श्वासही कमी पडतोय. काय दिलंत याला?"

"ढाळ होते मॅडम," रत्नमाला म्हणाली. "पुडीचं पाणी दिलं. झिंक दिलं. थांबले होते शुक्रवारी."

"एकदम थांबले?"

"एकदम."

"मग अजून काहीतरी दिलेलं असणार. गोळी, बाटलीतलं औषध, गावठी काही, अफूचं काही? जे असेल ते सांगा. मी रागावणार नाही."

रत्नमालेनं सासऱ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. तात्यासाहेब घसा खाकरून म्हणाले, "घुटी देते ना तिची सासू. जरा जायफळ, वेखंड. बाकी काय नाय."

"नक्की?"

"नाय म्हणलं ना ताई."

डॉक्टरांनी इंद्रजीतकडं वळून विचारलं, "तुम्ही वडील ना? तुम्हाला काही माहीत?"

इंद्रजीतनं मान हलवली. नाही.

पोटाचा एक्स-रे काढला. आतडी फुगलेली, हवा भरलेली. नाकातून नळी घातली, सलाईन लावायला शीर सापडेना म्हणून भादरलेल्या डोक्यावरच्या शिरेत सुई टोचली. तरी लेकरू रडलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, आतडं आतल्या आत अडकलं असेल तर पोट उघडावं लागेल. सर्जनला बोलावलंय. सही करा.

पोट उघडायचं. अकरा महिन्यांच्या लेकराचं. रत्नमालेला ते वाक्य कळलंच नाही आधी. ती डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिली. इंद्रजीतनं सही केली. अक्षर वाकडं आलं. तात्यासाहेब बाकावर बसून गुडघे चोळत होते आणि देवीचं नाव घेत होते. देवीला सगळं माहीत असतं म्हणतात. डॉक्टरला मात्र सांगावं लागतं.

तेवढ्यात मोटारसायकलवरून कडुबा आला. दुपटी, चादर, पाण्याची बाटली घेऊन. धापा टाकत. त्याला इथलं काही माहीत नव्हतं.

"कसं हाय गं? काय म्हणले डॉक्टर?"

"पोट कापायचं म्हणतात, दादा."

"आं?" त्याच्या हातातली बाटली खाली पडली. "त्या गोळीनं एवढं झालं?"

"कोणत्या गोळीनं?"

"अगं ती... ढाळ थांबायची. तात्यासाहेबांनी दिली ती." तो तात्यासाहेबांकडं बघून म्हणाला, भोळेपणानं, मान ठेवून. "पंगतीत सगळ्यांना सांगत व्हते ना. डॉक्टरनं हात टेकले अन् आपल्या अर्ध्या गोळीनं काम केलं, मधात चाटवली सकाळ-संध्याकाळ. तुला माहीत नाय?"



अख्ख्या पंगतीला माहीत होतं. रस्सा वाढणाऱ्याला माहीत होतं, हलगीवाल्याला माहीत होतं. लासूरच्या पाहुण्यांना माहीत होतं, हाडं चघळत माना डोलावल्या होत्या त्यांनी. फक्त जिच्या पोटचं लेकरू होतं, ती भिंतीपलीकडं भाकरी थापत होती.

"तुम्ही वाढत होता तिथं," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "तुम्हाला माहीत होतं."

"मला आजच कळलं गं... तात्या म्हणले अर्ध्या गोळीनं काय होतंय, आपण यात्रेला जाताना नेहमी घेतो..."

"डॉक्टरनं विचारलं तेव्हा?"

इंद्रजीत खाली बघत म्हणाला, "तात्या समोर होते."

ती धावत आत गेली. डॉक्टर आमरीननी सगळं ऐकलं, टॉर्च घेऊन शिवमची पापणी उघडली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. नर्सला त्यांनी उताऱ्याच्या इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि सर्जनला सांगितलं की थांबा. मग तात्यासाहेबांना आत बोलावलं.

"कुठली गोळी? नाव सांगा. मोठ्या माणसाची ना?"

तात्यासाहेबांनी सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली. खिशातच होती. एवढा वेळ, दोनदा विचारलं तेव्हाही, छातीपाशी खिशात होती.

"बाबा, जुलाब थांबले नव्हते," डॉक्टर म्हणाल्या. "आतडं थांबलं होतं. घाण आतच साचत गेली. ही गोळी एवढ्या लेकराला द्यायचीच नसते, पाव गोळीसुद्धा नाही. डोक्यावर चढते ती, म्हणून ते रडत नव्हतं. अजून थोड्या वेळानं श्वास घ्यायला विसरलं असतं."

"मी काय वाईटासाठी दिली का?" तात्यासाहेब म्हणाले. "माझा नातू हाय तो. माझा."



इंजेक्शन दिल्यावर काही वेळ काहीच झालं नाही. मग शिवमचा पाय हलला. मग तोंड वाकडं झालं आणि तो रडला. आधी मांजरासारखं, मग खच्चून, नळीसकट, लाल होऊन. नर्स हसली. रत्नमाला पलंगाच्या कडेला डोकं टेकून उभी राहिली.

"धोका पूर्ण गेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उतारा लवकर ओसरतो, पुन्हा द्यावा लागेल. आतडं चालू झाल्याशिवाय तोंडानं काही नाही. पण आता काय झालंय ते कळलंय. कापायचं नाही."

ती बाहेर आली तेव्हा तात्यासाहेबांचा फोन वाजत होता. ते कानानं जरा कमी म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. लासूर स्टेशनचे साडू सर्जेराव होते, जेवण होताच परतलेले.

"तात्या! पोचलो बरं का. झ्याक झाला कार्यक्रम, मटण तर एक नंबर! शिवमचं काय, नजर उतरली का?"

"उतरली, उतरली," तात्यासाहेब म्हणाले. "जरा गर्दीनं झालं. आता बरं हाय."

रत्नमाला जागच्या जागी थांबली.

"बरं झालं. आता ऐका, ती तुमची गोळी. आमच्या सोनियाच्या पोरीला पण ढाळ लागलेत, दात येऊ लागलेत तिला. येताना मेडिकलातून तीच घेतली बघा, तुम्ही दाखवली व्हती ती. पाव द्यायची का अर्धी? सातवा महिना हाय तिला."

 

रत्नमालेनं फोन तात्यासाहेबांच्या हातातून ओढून घेतला.

"काका, रत्नमाला बोलते. दिली का?"

"कोण? सूनबाई? अगं तात्याला दे..."

"दिली का नाही ते सांगा!"

"कुटून ठिवलीय वाटीत. मधाची बाटली सापडेना म्हून..."

"फेका ती. आत्ता. वाटीसकट फेका. त्या गोळीनं माझ्या शिवमचं आतडं बंद पडलं, पोट कापायला निघाले होते. नजर नाही लागली. गोळी लागली."

 पलीकडं सर्जेरावांच्या मागं लहान पोरगी मोठ्यानं रडत होती.

"लई रडू लागली ना ती," ते बारीक आवाजात म्हणाले. "बघवत नाय."

"रडू द्या काका. रडतेय तोवर बरी आहे. पुडीचं पाणी पाजा, अंगावर पाजायला लावा सोनियाताईला, आणि आत्ताच दवाखान्यात न्या. उद्या नाही. आत्ता."

"व्हय," ते म्हणाले. आणि मग फोन ठेवायचं विसरून घरात ओरडले, "सोने! ती वाटी टाक! टाक म्हणतो ना!" भांडं आपटल्याचा आवाज आला.

तात्यासाहेबांनी हात पुढं केला. "फोन दे, सूनबाई."

तिनं दिला नाही.

"अजून कोणाला दाखवली?"

"आता काय त्याचं..."

"पंगतीत तुमच्या डाव्या हाताला कोण होतं? समोर कोण होतं? लेकरंबाळं कोणाच्या घरी आहेत? नावं सांगा तात्या, मी लावते एकेकाला. तुम्ही बोला किंवा मी बोलते, पण गोळी काय करते ते आज सगळ्यांना कळलं पाहिजे."

इंद्रजीत म्हणाला, "रत्ना, लोक काय म्हणतील..."

तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मांडवात ज्यांना माईक लागत नव्हता ते तात्यासाहेब आता खालच्या आवाजात बोलले. आत शिवम रडत होता, त्याच्या वर त्यांचं बोलणं जेमतेम ऐकू येत होतं.

"समोर बद्रीनाथ होता," ते म्हणाले. "त्यानं पट्टीचा फोटो काढून घेतलाय."

"नंबर कोणत्या नावानं आहे?" रत्नमाला म्हणाली. "आणि पुढचं नाव सांगा."