जुन्या ड्रायव्हरची बाधा

रविवारी सकाळी पुणतांब्यात सुनीलच्या ओट्यापुढं एवढी गर्दी झाली होती, की त्याच्या लग्नाला न आलेली माणसंही त्यात दिसत होती. चौरंगावर लाल कापड, कापडावर तांदूळ आणि तांदळांवर निकिताचा लॅपटॉप. झाकणाला हळदकुंकू लावलेलं. झेंडूची माळ पडद्यावर यायला लागली, तेव्हा तेवढी मागं सारली गेली, कारण चमत्कार पडद्यावरच दिसायचा होता.

चौरंगामागं लहरीनाथ महाराज बसले होते. हवेतल्या सगळ्या लहरींवर आपली सत्ता चालते, असं ते स्वतःच सांगत. महिन्याभरापूर्वी ते गावात आले आणि आल्या आल्या त्यांनी दोन टीव्ही आणि एक मोबाईल बाधामुक्त केला.

आज पाळी लॅपटॉपची होती. सुनीलची थोरली मुलगी निकिता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पंधरा दिवसांपूर्वी तिनं लॅपटॉपची सिस्टीम अपग्रेड केली आणि तेव्हापासून त्याच्या वायफायला उचकी लागली. चालता चालता मधेच गचकायचं. घरातले मोबाईल त्याच वायफायवर सुखानं चालायचे, लॅपटॉप तेवढा रुसायचा. दुरुस्तीसाठी तिनं सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, तर पडद्यावर इंग्रजीत सूचना आली: ड्रायव्हर जुना आहे, तोच अडचणीचं कारण असू शकतो. सुनीलनं मुलीच्या खांद्यावरून ती वाचली. त्याच्या मनात एक नाव येऊन गेलं होतं.

पुढच्या खुर्चीत नीलांबरीबाई बसल्या होत्या. गावच्या हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. समोरची निम्मी गर्दी त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि तिच्याकडं पाहताना आपण चौतीस वर्षं नेमकं काय शिकवलं, असा प्रश्न बाईंना पडत होता.

महाराजांनी डोळे मिटले. "अपग्रेड म्हणजे काय? पुनर्जन्म. या यंत्राचा जुना देह गेला, नवा आला. पण जुना सारथी सोडायला तयार नाही. जुना सारथी. या घराचा असा कोणी होता का?"

सुनीलची आई आक्काबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. "बन्सी," ती म्हणाली. "आमच्या टेम्पोचा डायवर. अकरा वर्सं हुता. दिवाळीला सोडून गेला."

"मी नाव घेतलं नाही," महाराज म्हणाले. "नाव तुमच्या तोंडून आलं. लहरींनीच आणलं ते."

आता उपाय. महाराजांनी आधी चार्जरची वायर मागितली. ओट्यावर प्लग नव्हता, म्हणून घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणला. लॅपटॉपच्या कडेला बारीक दिवा लागला. ही ज्योत विधी होईपर्यंत विझता कामा नये, असं बजावून महाराजांनी भस्माची चिमूट उडवली आणि निकिताला व्हिडिओ लावायला सांगितलं. व्हिडिओ सुरू झाला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पाऊण तास झाला. एकदाही गचकला नाही. बायांनी हात जोडले. पुढच्या रविवारी येऊन पक्का बंदोबस्त करतो, असं सांगून महाराजांनी आपला पंचा खांद्यावर टाकला. बन्सीनं सव्वा वर्ष स्टेअरिंगला हात लावायचा नाही, हा त्या बंदोबस्ताचा पहिला भाग होता.

हा बन्सी हल्ली शाळेची व्हॅन चालवायचा. एकोणीस मुलं होती व्हॅनला. सोमवारी सहाच आली. पहिली कमी झाली ती पंकजा, सुनीलची धाकटी, चौथीतली.

बन्सी दुपारी बाईंकडं आला आणि पायरीवरच बसून राहिला. "बाई, म्या काय केलं?" त्यानं विचारलं. शाळेत कधी मार बसला तरी तो असंच विचारायचा, आणि तेव्हाही बहुतेक वेळा त्यानं काही केलेलं नसायचं. व्हॅनच्या मालकानं त्याला रविवारपर्यंत मुदत दिली होती. पोरं परत आली तर ठीक, नाही तर चावी दुसऱ्याकडं. कायदा आपल्या बाजूचा आहे, करणीचा आळ घेणं हा गुन्हाच आहे, असं बाईंनी त्याला सांगितलं. बन्सीनं मान हलवली. त्याचं म्हणणं असं, की पोलीस आले तर महाराज जातील, पण लोक आपली पोरं व्हॅनमध्ये बसवतील का?

ते बाईंना पटलं. त्या तडक सुनीलच्या घरी गेल्या.

तिथं वेगळीच खात्री तयार होती. महाराज गेल्यावर बोर्ड गुंडाळून ठेवला, आणि सोमवारी सकाळी साडेसातला बन्सीची व्हॅन समोरच्या रस्त्यानं गेली तेव्हा ओट्यावर बसलेल्या निकिताचं वायफाय पुन्हा पडलं. तिनं स्वतः पाहिलं होतं. रात्री घरात अभ्यास करताना मात्र ते एकदाही पडत नसे, कारण रात्री बन्सी आपल्या घरी असतो. आक्काबाईला यापुढं काही विचारायचंच नव्हतं.

"निकिता, मला लॅपटॉपमधलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तूच मला शिकव. एक वही कर. वायफाय पडलं की चार गोष्टी लिहायच्या. किती वाजले, तू कुठं बसली होतीस, आसपास कोण होतं, आणि लॅपटॉपवर काय काय दिसत होतं. पडलं नाही तरी लिहायचं, तेही तासातासाला."

"पडलंच न्हाई, तर काय लिहायचं?"

"तेच तर कोणी लिहीत नाही. म्हणून महाराजांचं चालतं."

गुरुवारी वही आली. सकाळी ओट्यावर अकरा वेळा वायफाय पडलं होतं. त्यात व्हॅन फक्त दोनदा गेली होती. उरलेल्या नऊ वेळा रस्त्यावर एक शेळी, दूधवाला किंवा कोणीच नव्हतं. बाईंनी ताबडतोब निदान केलं, की मधली भिंत जाड आहे, वायफाय ओट्यापर्यंत पोचत नाही. निकितानं मान खाली घालून सांगितलं, की मोबाईल ओट्यावरच काय, रस्त्यापलीकडंही चालतो. बाईंनी चष्मा काढून पुसला. आपण चुकलो, हे त्यांनी लगेच मान्य केलं आणि त्या पुन्हा वहीकडं वळल्या.

ओट्यावर पडतं, घरात पडत नाही. महाराज आले तेव्हा ओट्यावरही पडलं नाही. मग त्या दिवशी ओट्यावर असं काय होतं, जे एरवी घरातच असतं?

निकितानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच उठून बोर्ड आणायला गेली.

तीन दिवस तिनं एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. मग इंटरनेटवर लॅपटॉपच्या कंपनीचं पान शोधून काढलं, मन लावून वाचलं, आणि बाईंना ड्रायव्हर म्हणजे काय ते समजावलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी प्यावं लागलं. दुरुस्ती लगेच करते, असं निकिता म्हणाली, तेव्हा बाईंनी तिला थांबवलं. रविवारपर्यंत बिघाड जपून ठेवायचा होता.

रविवारी गर्दी दुप्पट होती. बन्सी एका कडेला उभा होता, आणि त्याच्याभोवती चार हात जागा मोकळी होती.

विधी सुरू होण्याआधी बाईंनी महाराजांना नमस्कार करून विचारलं, की आम्ही थोडं तपासून पाहिलं तर चालेल का.

"देवाची परीक्षा घ्यायची नसते, माई."

"देवाची नाही घेत. लॅपटॉपची घेते."

मागं कोणीतरी हसलं. महाराजांना नाही म्हणता आलं नाही.

निकितानं राजूरच्या रेश्मामावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशी शेंगा फोडत बसली होती आणि सगळ्या गावाला पाहून तिनं आधी केस सारखे केले. बोर्ड जोडलेला होता, कडेचा दिवा पेटलेला. बाईंनी बन्सीला बोलावून चौरंगाशेजारी बसवलं आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. आक्काबाईनं डोळे मिटून घेतले. वीस मिनिटं झाली. मावशीच्या शेंगा संपत आल्या, तिनं राजूरच्या बाजारातला भाव सांगितला, धाकट्या जावेची एक चहाडीही सांगितली. चित्र कुठं अडकलं नाही.

मग बन्सीला गोदावरीच्या घाटावर पाठवलं. तिथं पोचल्यावर त्यानं सुनीलच्या मोबाईलवर पाण्याचा फोटो पाठवला. आता बाधा दूर गेली होती. बाईंनी लॅपटॉपची वायर काढली. चार मिनिटांत रेश्मामावशी तोंड उघडं ठेवून, हातात शेंग धरून जागच्या जागी थिजली.

वायर लावली, मावशी परत आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. वायर काढली, मावशी पुन्हा थिजली. तिसऱ्या वेळी पोरं मोठ्यानं मिनिटं मोजत होती. बन्सी या सगळ्या वेळात घाटावर पाय पाण्यात सोडून बसला होता.

"बाधा वायरीत शिरली," महाराज म्हणाले.

"मग भस्माच्या आधी तुम्ही वायर का मागितली होती?" बाईंनी विचारलं. महाराजांनी डोळे मिटून घेतले.

निकिता उभी राहिली. ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपच्या आत बसलेला एक छोटा प्रोग्रॅम, ती म्हणाली. सिस्टीमचं म्हणणं वायफायच्या कार्डाला सांगायचं, एवढंच त्याचं काम. सिस्टीम नवी झाली, हा जुनाच राहिला. लॅपटॉप बॅटरीवर असला, की वीज वाचवायला नवी सिस्टीम सांगते, जरा दमानं घे. जुन्याला ते नीट कळत नाही, तो वायफायला झोपवूनच टाकतो. वायर लावली की वीज वाचवायचं कारण उरत नाही, मग कोणी झोपत नाही. "पप्पा, तुमी वाचलेला ड्रायव्हर हा हाय. टेम्पोचा न्हाई." वीज वाचवण्याच्या सेटिंगमधला एक टिक काढला की झालं, असंही तिनं सांगितलं.

"नुस्ता टिक काढून भागत न्हाई," महाराज डोळे मिटूनच म्हणाले. "ड्रायव्हर बी बदलावा लागतो. न्हाई तर आठ दिवसांत परत तेच."

ओट्यावरची सगळी डोकी त्यांच्याकडं वळली. महाराजांनी डोळे उघडले, पण उशीर झाला होता. त्यांचं शुद्ध बोलणंही त्या वाक्याबरोबर गेलं होतं.

"कुठल्या दुकानात होतात, महाराज?" बाईंनी मायेनं विचारलं.

"श्रीरामपूरला," ते म्हणाले. "साडेतीन वर्सं. रिपेअरिंगला."

"चांगलं येतं की तुम्हाला. मग हा धंदा कशाला?"

पंचा उचलून ते गर्दीतून वाट काढू लागले, तेव्हा एकानं आपला टीव्ही नेमका कशानं बरा झाला होता ते विचारलं. केबलची पिन सैल होती, असं सांगून ते निघून गेले.

सुनील मान खाली घालून बसला होता. बाईंना त्याच्यावर रागावता आलं नाही. ज्याला माहीत आहे त्याला विचार, पण त्यानं सांगितलेलं स्वतः करून बघ, असं त्या त्याला सहावीत सांगत, आणि तेव्हाही तो खिडकीबाहेर पाहायचा. त्या मुलांकडं वळल्या.

"महाराजांनी बन्सीचं नाव घेतलं नव्हतं. ते आपण दिलं, कारण आपल्याला ते आधीच सुचलं होतं. तुम्हाला कधी असं कोणाचं नाव सुचलं, तर आधी वही काढा. जे घडलं ते लिहा, जे घडलं नाही तेही लिहा. एक गोष्ट बदला आणि बघा. एवढं केल्याशिवाय कोणाकडं बोट दाखवू नका. यंत्र दुरुस्त होतं. माणसाचं गेलेलं नाव परत आणायला फार कष्ट पडतात."

तोवर बन्सी घाटावरून आला होता. निकितानं नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. पडद्यावर चौकट आली: जुना ड्रायव्हर काढायचा का? निकितानं ते मराठीत मोठ्यानं वाचलं, आणि सुनीलनं लॅपटॉप उचलून बन्सीपुढं धरला.

"तूच दाब," तो म्हणाला. "माझी चूक झाली, बन्सी. उद्या पंकी येती व्हॅनला."

बन्सीनं बोट पँटला पुसलं आणि 'हो'वर दाबलं. वायर काढून ठेवली. रेश्मामावशी संध्याकाळपर्यंत बोलत होती, तिला थांबवणं कोणाला जमलं नाही.

सोमवारी साडेसातला रस्त्यावर हॉर्न वाजला. आक्काबाईनं स्वतः पंकजाची वेणी घातली होती. दप्तर सावरत ती ओट्यावरून धावत सुटली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "चला, जुना ड्रायव्हर आला!"

व्हॅनमधून अठरा पोरं हसली.