अवनीच्या वतीने

नीलिमा जोग मला विसरली होती. मी तिला विसरले नव्हते. बारा वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून सिंगापूरला आलो, तेव्हा माझा तन्मय नऊ वर्षांचा होता, मराठी शाळेतून आलेला. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात या बाईने माइकवर त्याच्या इंग्रजीची नक्कल केली. सगळा हॉल हसला. त्यानंतर पोराने वर्गात तोंड उघडलं नाही. वर्षभराने त्याला सांगलीला आत्याकडे पाठवावं लागलं, तो तिकडेच वाढला. अजून फोनवर माझ्याशी ‘हं’ पलीकडे बोलत नाही.

आता मी सिंगापूरच्याच बिशान भागातल्या एका खाजगी शाळेत परदेशातून नव्याने आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. जूनमध्ये नीलिमा तिथे भाचीला घेऊन उभी. अवनी, अकरा वर्षांची, नाशिकची. आई आजारी, म्हणून मावशीकडे आलेली. तीन महिन्यांनी तोंडी परीक्षा होती. जमलं तर सहावीत, नाही तर थेट चौथीत.

“शुभदाताई, पोरगी तुमच्या हवाली करते हं,” नीलिमा म्हणाली.

तिने मला ओळखलंसुद्धा नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी गोड हसले.

आमच्या कामात एक नियम आहे. मूल अडखळलं की आपण गप्प बसायचं, शब्द त्याचा त्याला शोधू द्यायचा. बघवत नाही, पण इंग्रजी येतं ते तिथेच. वर्गातल्या बाकी सात मुलांसाठी मी तो नियम पाळला. अवनी अडखळली, की तिचं वाक्य मीच पुरं करायचे. कॅन्टीनमध्ये तिचे नूडल्स मी सांगायचे, गणिताच्या सरांना उत्तर मी द्यायचे, गृहपाठ मराठीतून समजावायचे. पोरीला तोंड उघडायची गरजच ठेवली नाही.

“यू सो पेशंट विथ हर, लाह!” शेजारच्या वर्गातल्या मिस लिम इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाल्या, किती धीराने घेता हिच्याशी! नीलिमाने चकल्या पाठवल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि मी त्या चकल्या चवीने खाल्ल्या.

परीक्षेत अवनीला एवढंच विचारलं, की तुझ्या घराबद्दल सांग. ती दाराकडे बघत बसली. मी बाहेर होते, दाराच्या काचेतून बघत.

निकाल लागला, चौथी. व्हरांड्यात नीलिमा रडकुंडीला आली. “बहिणीला काय सांगू? लोक काय म्हणतील? हिला परत नाशिकलाच पाठवते!” मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रड, मनात म्हटलं. भर माणसांत रड.

तेवढ्यात अवनीने माझा हात धरला.

“मावशी, शुभदाकाकूंना काही बोलू नकोस. त्यांनी माझ्यासाठी खूप केलं. मीच ढ आहे.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मी चौथीत बसेन. लहान मुलं हसली तरी चालेल. पण इंग्रजीला मला तुमच्याकडेच ठेवाल ना?”

नीलिमाच्या डोळ्यांना धार लागली होती. ते बघायला मी बारा वर्षं थांबले होते, आणि तिकडे माझं लक्षच जाईना. त्या बाईला मी आजही माफ केलेलं नाही. पण पोरीने माझा हात घट्ट धरला होता, आणि तो सोडवून घ्यायची माझी हिंमत होईना.