फुगलेलं दार

मधुकररावांना हल्ली काही आठवत नसे. दार उघडं मिळालं की कुठेही भरकटायचे. कुलूप दिसलं तर चवताळायचे. म्हणून त्यांच्या बायकोला, सरोजताईंना, पावसाळा देवासारखा धावून यायचा. दमट हवेत दार फुगायचं. मधुकरराव ते ओढून बघायचे आणि "फुगलंय लेकाचं!" म्हणत निमूट खुर्चीत येऊन बसायचे.

रविवारी कोलशेतहून त्यांचा मुलगा नील आला. दाराशी झटणारी आई त्याला बघवेना. ती भाजीला गेली तेवढ्यात त्यानं सुताराकडून दाराची कड तासून घेतली. तो इतका खूश होता, की सरोजताईंना काही बोलवेना.

सोमवारी दुपारी त्यांचा डोळा लागला. उठून पाहतात तर दार सताड उघडं, खुर्ची रिकामी, चपला तिथेच.

त्यांनी नीलला फोन लावला.

"काय गं आई," तो हसत म्हणाला, "उघडतंय ना आता झटक्यात?"