सहा बोटांची ओळ

बोबीनकाकांनी पन्नास वर्षं गल्लीची मापं घेतली, पण स्वतःचं माप भिंतीवर दरवाजाएवढं झालेलं त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं आणि कपातला चहा बशीत आला, बशीतला मांडीवर.

काका शिंपी. बुटके आणि गोल, म्हणून बोबीन. आणि भित्रे इतके, की सुई टोचली तर आधी काका पांढरे पडायचे आणि मग सवडीने रक्त यायचं. असल्या माणसाला सरकारी दवाखान्याने बैठकीला बोलावलं होतं. तीन लाख रुग्णांच्या नोंदी चाळून कुठलं औषध किती लागू पडतं ते शोधायचं काम तिथं चाललं होतं, आणि त्यात साध्या माणसांचंही मत हवं म्हणून गल्लीतली नऊ जणं दुसऱ्या मजल्यावर गोळा केली होती. काकांच्या एका अंगाला इस्त्रीवाला, दुसऱ्या अंगाला शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई.

"नावं काढलीत, पत्ते काढलेत," पडद्याशी उभी तरुण डॉक्टरीण सांगत होती. "नमुन्याच्या या वीस ओळी बघा. यातलं कोण कुठलं, कुणालाही ओळखता येणार नाही."

काकांना सातवी ओळ ओळखू आली. पुरुष, चौसष्ट, शिवणकाम. उंची एकशे चौपन्न, कंबर एकशे बारा. असा घेर असल्या उंचीवर सबंध गावात एकच होता, आणि त्याची विजार काका स्वतःच शिवायचे. पुढे लिहिलं होतं, उजव्या पायाला सहा बोटं. छातीसाठी पांढरी गोळी, सात वर्षं. मग एक तारीख, आणि शेवटच्या रकान्यात 'एक'.

"शेवटचा रकाना कसला हो, ताई?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"शून्य म्हणजे हयात. एक म्हणजे मृत्यू."

काकांनी बुटातल्या बुटात बोटं मोजली. सहाच्या सहा. मनगटावर नाडी शोधली, ती सापडेना. शेवटी गळ्यापाशी सापडली, तेव्हा ती मोकाट सुटलेल्या मशीनसारखी धावत होती.

"काय झालं? तोंड उतरलंय तुमचं," इस्त्रीवाला कुजबुजला.

"मी मेलोय."

"कधी?"

"तारखेवरून अडीच वर्षं झाली."

"तरीच माझी विजार अजून मिळाली नाही."

काकांना हसू येईना. अडीच वर्षांपूर्वी काय झालं होतं ते त्यांना आठवलं. मेहुणा परगावाहून आला होता, छाती धरून. त्याच्याकडे दवाखान्याचं कार्ड नव्हतं, आणि नवं कार्ड मिळायला सहा आठवडे. काकांनी आपलं कार्ड त्याच्या खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. कागदावर कुणाचं नाव पडलं, हे त्या रडारडीत बघतंय कोण! गोळीच्या खिडकीवरचा कंपाउंडर काकांनी शिवलेले शर्ट घालायचा. तो कार्ड बघायचाच नाही, चेहरा बघून पुडी सरकवायचा. म्हणून काका इतके दिवस बिनघोर मेलेले होते.

"आता मुख्य गोष्ट," डॉक्टरीण म्हणाली. "पांढरी गोळी घेणारे इतरांच्या दुपटीने मरताना दिसतात. ती बंद करावी, असं आम्ही पुढच्या आठवड्यात लिहून देणार आहोत. तुमचं काय मत?"

काका मनात हिशोब करायला लागले. एकदा चार दिवस गोळी चुकली होती, तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते निळे पडले होते. दुसरी कुठली गोळी त्यांना सोसतच नव्हती. गप्प बसावं, तर गोळी बंद. बोलावं, तर खाली भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतंच की, कार्ड दुसऱ्याला दिल्यास कायमचं रद्द. म्हणजे तरीही गोळी बंदच.

"कुणाला काही बोलायचंय?" तिने विचारलं आणि कागद आवरायला घेतले.

काका उठले. उठताना टेबलाला असा धक्का लागला की त्यावरच्या नऊ कपबशा किणकिणायला लागल्या.

"ती सातवी ओळ... ती माझी आहे," ते म्हणाले. "आणि मरण माझ्या मेहुण्याचं आहे."

तिला कळेना. काकांनी उजवा बूट काढला, मोजा काढला आणि पाय खुर्चीवर ठेवला. डॉक्टरीण बोटं मोजून मटकन खाली बसली. मग काकांनी कार्डाचं सगळं सांगितलं, शब्दागणिक अडखळत.

आता आपल्याला धरून नेणार, असं वाटून काकांनी डोळेच मिटले.

"माझ्या कार्डावर माझ्या साडूचं ऑपरेशन आहे," इस्त्रीवाला हळूच म्हणाला. "तो टेबलावरच गेला. मीपण पांढरीच गोळी घेतो."

"माझ्या कार्डावर माझी भाची बाळंत झाली," मोठ्या बाईंनी पदर सावरला. "तुमच्या तक्त्यात एकसष्टाव्या वर्षी बाळंत झालेली बाई असेल, तर ती मी. गोळी माझीपण पांढरीच."

"ती आहे!" डॉक्टरीण किंचाळलीच. "आम्ही तिच्यावर महिनाभर डोकं फोडलंय! पण पांढऱ्या गोळीवाल्यांचीच कार्डं का?"

"अहो, आम्ही दर महिन्याला येतो. त्यामुळे आमचं कार्ड कायम चालू असतं," काका म्हणाले. "मागणारा आमच्याकडेच येणार. आणि तो येतो तेच मरायला टेकल्यावर."

डॉक्टरीण आवरलेले कागद परत चाळायला लागली. मग तिने शिफारशीचा कागद फाडला.

"गोळी एवढ्यात बंद होत नाही," ती म्हणाली. "सगळे मृत्यू पुन्हा तपासावे लागतील. तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही, काका. पण तुमच्यापुढचा 'एक' खोडायचा अधिकार मला नाही. तो अर्ज तुम्हालाच करावा लागेल. कारणासकट."

काका भिंत धरून जिना उतरले. लाल अक्षरांकडे न बघता खिडकीपाशी आले आणि सवयीने हात पुढे केला. आज कंपाउंडरनेही हात पुढे केला.

"कार्ड, काका. आत्ताच वरून हुकूम आलाय, आजपासून प्रत्येकाचं बघायचं."

काकांनी कार्ड दिलं. कंपाउंडरने आकडा दाबला, पडद्याकडे बघितलं, मग काकांकडे, मग परत पडद्याकडे.

"काका, इथं तुम्ही..."

"माहितीये. तुझी कॉलर नीट बसलीये ना?"

कंपाउंडरने गळ्यावरून हात फिरवला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि पुडी हळूच बाहेर सरकवली.

"या महिन्याची देतोय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पुढच्या महिन्यात मात्र जिवंत होऊन या."