आणलेला माणूस

सहदेवने प्रिंटरमधून कागद ओढून घेतला आणि दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या सावकाश फाडल्या. इंग्रजीत चार ओळी होत्या. वैयक्तिक कारणासाठी दिलेला राजीनामा वैयक्तिक कारणासाठीच मागे घेत आहे, एवढाच मजकूर. सही करून त्याने कागदाची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. भिंतीवरच्या घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

चारपर्यंत वेळ होता. आठ दिवसांपूर्वी दातारसाहेबांनी राजीनामा वाचून तो सरळ आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला होता. दातार कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर.

"हे मी इनवर्डला देत नाही," ते म्हणाले होते. "पुढच्या शुक्रवारी चारपर्यंत इथेच राहील. एकदा शिक्का पडला की माझ्या हातात काही उरत नाही. नीट विचार कर."

तेव्हा विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं. चौदा वर्षं वागळे इस्टेटमधल्या या कारखान्याचा पगार त्याने लिहिलेल्या प्रोग्रामवर निघत होता. आता नव्या साहेबाने बाहेरून तयार पॅकेज विकत घेतलं होतं. सहदेवची नोकरी पर्मनंट होती, काम तेवढं राहिलं नव्हतं. इकडे अंधेरीची एक एजन्सी त्याच्यासारखी माणसं शोधत होती. सव्वा वर्षाने दोन हजार साल उजाडलं की जुन्या प्रोग्राममधल्या तारखा कोलमडणार होत्या. त्या दुरुस्त करायच्या. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पगार तिप्पट. सहा महिन्यांनंतर काय, ते कागदावर नव्हतं.

मग काल दुपारी बाळ सानेचा फोन आला. बाळ सहा वर्षं त्याच्या समोरच्या टेबलावर बसायचा. गेल्या वर्षी तो असाच राजीनामा देऊन कॉन्ट्रॅक्टवर गेला होता.

"खडवलीहून बोलतोय रे. स्टेशनबाहेरच्या बूथवरून."

"खडवलीला कुठला क्लायंट तुझा?"

"नदी."

सहदेव हसला. पलीकडून हसू आलं नाही.

"जूनमध्ये काम संपलं. नवीन आलं की कळवतो म्हणाले. घरी सांगितलेलं नाही. सात चाळीसला डबा घेऊन निघतो. कसारा लाइनला आपल्या डोंबिवलीचं कोणी भेटत नाही, बरं पडतं." मग त्याने आवाज खाली आणला. "तू सोडतोयस असं कळलं. तुझी जागा भरली का रे?"

सकाळी निघताना त्याने बायकोला सांगून टाकलं की आज कागद मागे घेतो. मालू म्हणाली, "बरं केलंत." मग ओटीवर जाळं सांधत बसलेल्या त्याच्या वडिलांकडे, दामाजींकडे बघून हळूच म्हणाली, "बाबांना पण सांगा की."

सांगणार काय? राजीनाम्याचं कळल्यापासून दामाजी त्याच्याशी बोललेच नव्हते. त्या दिवशी त्यांनी एकच विचारलं होतं, "साहेबाला काय बोललास?"

"बोलायचं काय? कागद दिला."

"नुसता कागद?"

तेवढ्यावर त्यांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली होती. चेंदणी कोळीवाड्यात महिन्याचा पगार आणणारा पहिला मुलगा आपला, हे ज्याने चौदा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं, तो बाप दुसरं काय करणार?

पावणेचारला सहदेव पर्सोनेलच्या पॅसेजमध्ये आला आणि थबकला. दातारांच्या केबिनबाहेर रबरी चपलांचा जोड होता. उजव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने आवळलेला. ती तार त्यानेच आणून दिली होती.

दारातून त्याला पाठ दिसली. दामाजी धुतलेला सदरा घालून, काखेत पिशवी धरून उभे होते. समोर खुर्ची असून बसले नव्हते. पोराला ठेवून घ्या म्हणून म्हातारा हात जोडायला आला होता तर. सहदेवचे कान तापले. पण पाठोपाठ छाती मोकळी झाली. आता खिशातला कागद काढायची वेळच येणार नव्हती. बाप मागणार, साहेब देणार, आपण मान खाली घालून उभं राहायचं.

"ये," दातार म्हणाले. "वडील तुझीच वाट बघतायत. तू आल्याशिवाय बोलणार नाही म्हणाले."

दामाजींनी वळून बघितलं नाही.

"साहेब, वलखलाव ना?"

"न ओळखायला काय झालं? याला घेऊन आलात तेव्हा एवढा मोठा जिताडा आणला होतात. मी मासे खात नाही, हे सांगायचं राहूनच गेलं तेव्हा. शिपायाने नेला."

"आता त्याला बी मिलायचा नाय. खारीत काय रायलाय?" दामाजींनी पिशवीतून नारळ काढला. "म्हनून यो."

"बसा तरी."

"नको. आमचे होरीवर रीत व्हती, साहेब. खलाशाला जो आनून सोरतो, त्यानंच त्याला न्यावाचा. आपला आपन उतरून गेला, तर नाखवाचा मान जातो, न् आननाऱ्याचा पन. यानी तुमाला नुसता कागद दिला. पोराची चूक झाली, त्याची माफी करा." त्यांनी नारळ दोन्ही हातांनी पुढे धरला. "याला मीच आनला व्हता. मीच न्यावाला आलू."

पंख्याखाली टेबलावरचे कागद फडफडत होते. दातारांनी नारळाकडे पाहिलं, मग सहदेवकडे.

"तू काही सांगायला आला होतास का?"

सहदेवचा हात खिशापाशी गेला. कागदाचा कोपरा बोटाला लागला. आता बापाने मान वळवली. त्या नजरेत राग नव्हता. आठ दिवस राग तिथे कधी नव्हताच, हे त्याला आत्ता दिसलं. होडीवरून उतरणारा माणूस सामान विसरला तर नाही ना, एवढंच ती नजर बघत होती.

घड्याळात चारला सहा मिनिटं होती.

"नाही साहेब," तो म्हणाला. "काही नाही."

दातारांनी ड्रॉवर उघडून राजीनामा शिपायाच्या हाती दिला. दामाजींनी बाहेर जाऊन पायरीच्या कडेवर नारळ फोडला, एक वाटी आणून टेबलावर ठेवली आणि साहेबांना हात जोडले. पलीकडच्या खोलीत शिक्का आधी पॅडवर आपटला, मग कागदावर.

दोघं गेटपाशी आले. तिथे दामाजींनी हातातली दुसरी ओली वाटी पुढे केली.

"कागद हाय का? पिशवी भिजंल."

सहदेवने खिशातला कागद काढून दिला. त्यांनी तो उलगडला, दोन्ही बाजूंनी पाहिला.

"यावर लिवलाय र."

"असू दे. कामाचा नाही."

खोबऱ्याची वाटी गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवली. रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा विचारलं, "तिकरं तुला कोन सोराला येनार?"

"तिथे कोणी सोडायला लागत नाही, बाबा. आपलं आपण जायचं."

"पयला दिवस कवा?"

"पुढच्या महिन्यात. अकरा तारीख, बुधवार."

दामाजी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवू लागले. तिथी मोजत होते. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते. त्याला ते भांग म्हणत, आणि त्या दिवसांत जाळं घरीच राही.

"भांगच हाय," ते म्हणाले. "मी मोकलाच हाय."