जिन्याची चाल

मी कवळ्या करते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात घासून भरतं. माझं तीस वर्षं भरतंय. डॉक्टर माप घेऊन डबीतून माझ्याकडे पाठवतात, मी त्यावरून प्लास्टरचा साचा करते आणि मेणात एकेक दात बसवते. पेशंट काही डबीबरोबर येत नाही. त्यामुळे दिवसभर माझ्यासमोर टेबलावर वीस-पंचवीस तोंडं आ वासून असतात आणि एकही बोलत नाही.

सोबतीला असतो तो डावऱ्या. जॅझ गिटार वाजवणारा. मी सतरा वर्षांची असताना दादाने मित्राकडच्या तबकडीवरून त्याची कॅसेट भरून आणली. तबकडीच्या कव्हरवर हा उलट्या हाताने गिटार धरून उभा, म्हणून आम्ही त्याला डावऱ्या केला. कॅसेटवरच्या दुसऱ्या चालीला आम्ही ‘जिन्याची चाल’ म्हणायचो. कुणीतरी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरतंय, असं ऐकताना वाटायचं. दादा ती गुणगुणत खरोखरच तसा उतरायचा आणि आई खालून ओरडायची, “मेल्या, दात पडतील एक दिवस!”

दात पडले, पण साठी उलटल्यावर. कवळी अर्थातच मी केली. आयुष्यात घेतली नाही एवढी मेहनत त्या कवळीवर घेतली. तर या गृहस्थाने भाचीच्या वाढदिवसाला, भरल्या पंगतीत ती तोंडातून काढून पेल्यात टाकली. म्हणाला, “बोचते गं.”

“माप बरोबर आहे,” मी म्हटलं. “तुझं तोंडच वाकडं आहे.”

सगळे हसले, वहिनीसुद्धा. दादा हसला नाही. पुढे त्याने दुसरीकडून कवळी करून घेतल्याचं मला भाचीकडून कळलं. मला ते जिव्हारी लागलं. त्यालाही माझं लागलं असणार. चार वर्षं झाली, आमचं बोलणं नाही.

म्हणून वाद्यांच्या दुकानाच्या काचेवर डावऱ्याचा फोटो दिसला, तेव्हा पहिल्यांदा दादाच आठवला. रविवारी चार वाजता, दुकानाच्या वरच्या खोलीत कार्यक्रम. कळवावं का? पण कळवायचं म्हणजे आधी कवळीचा विषय निघणार, आणि मी का नमतं घेऊ? माप बरोबर होतं. मी एकच तिकीट काढलं.

खोलीत चाळीस घडीच्या खुर्च्या होत्या, कोपऱ्यात चादर पांघरलेला पियानो. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पलीकडच्या माणसाने विचारलं, “कोणी येणार आहे का?” मी नाही म्हटलं. त्याने त्या खुर्चीवर आपला कोट ठेवला. त्या कोटाचा मला इतका राग आला की काय सांगू.

डावऱ्या आला. वाकलेला, बारीक. स्वतःची वायर स्वतःच जोडली आणि आमच्याकडे बघून हसला. माझी नजर आधी दातांवर जाते, इलाज नाही. वरची कवळी, पण बसलेली झकास. मग तो वाजवायला लागला आणि मी दात विसरले. माझ्यापासून चार हातांवर बसून तो बोटं चालवत होता, त्याच्या नखांचा तारांवरचा आवाजही मला ऐकू येत होता. मधेच मी शेजारी वळून “बघ!” म्हणणार होते. शेजारी कोट.

शेवटी जिन्याची चाल आली. पहिल्या सुराला मी ओळखली आणि दुसऱ्यालाच चुकल्यासारखं झालं. सूर खाली उतरले होते, आणि चाल केवढी सावकाश! कुणीतरी कठडा धरून एकेक पायरी उतरत होतं. लोक डोळे मिटून डोलत होते. मला मात्र रडू येत होतं, आणि रडण्याहून जास्त राग. म्हटलं, संपला हा. हाही म्हातारा झाला. आता घरी जाऊन मी ऐकू कुणाला?

कार्यक्रमानंतर लोक त्याच्या सह्या घेत होते. माझी पाळी आली. मनात ठेवणं मला कधी जमलंय?

“ही चाल तुम्ही पूर्वी धावत वाजवायचात,” मी म्हटलं.

“मी? छे हो. पहिल्या दिवसापासून एवढीच चाल आहे तिची.”

“चाळीस वर्षं ऐकतेय मी. मला सांगू नका.”

मी फोन काढला, त्यावर उतरवून घेतलेली दादाची कॅसेट लावली आणि त्याच्या कानाला धरला. तो ऐकत राहिला. आधी त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग तो हसायला लागला.

“सूरसुद्धा चढलेत की! कॅसेटवर भरलंय ना? भरताना बॅटरी उतरली असणार. तेव्हा यंत्र हळू फिरतं, आणि मग चांगल्या यंत्रावर लावलं की सगळं पळत सुटतं. कुणी भरलं होतं?”

“माझ्या दादाने.”

त्याने आणखी थोडं ऐकलं आणि फोन परत दिला. “हा मी नव्हे, बाई. पण माझ्यापेक्षा बरा वाजवतो.”

मी जिना उतरून खाली बसस्टॉपवर आले. बाकावर कुणी नव्हतं. तीस वर्षं मी ज्याच्या सोबतीने काम केलं, तो माणूस जगात नव्हताच. चुकीचं माप उराशी धरून मी खऱ्या माणसाला त्याच्या तोंडावर सांगून आले होते की तू चुकतोस. मला स्वतःची लाज वाटली. आणि मग एकदम फार एकटं वाटलं, कारण तो पळत सुटलेला डावऱ्या माझ्याखेरीज एकाच माणसाला माहीत होता.

दोन बस सोडल्या. तिसरी दिसली तेव्हा फोन लावला. वहिनीने उचलला, माझा आवाज ऐकला आणि तसाच दादाच्या हातात दिला.

“कोण?” दादाचे शब्द ओठांतून फुसफुसत होते. दात काढून बसला होता.

“दादा, जिन्याची चाल आठवते का रे?”

त्याने का, कशाला, काही विचारलं नाही. गुणगुणायलाच लागला. बोळक्या तोंडातून निम्मी हवा निसटत होती, पण चाल तीच, दोन-दोन पायऱ्या गाळत धावणारी. शेवटच्या पायरीपर्यंत उतरला आणि धापा टाकत थांबला.

“काय झालं गं ठमे? रडतेस का?”

चार वर्षांत मी त्याला एक गोष्ट विचारली नव्हती. चार वर्षं कशाला, त्या दिवशी पंगतीतही नाही.

“दादा,” मी म्हटलं, “कुठे बोचत होती?”

“डावीकडे,” तो म्हणाला. “खाली, अगदी मागे.”