बारा वाजेपर्यंतचं मौन

श्रावणातल्या सोमवारी मी दुपारी बारापर्यंत मौन पाळते. बेळगावच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स लॅबची असिस्टंट म्हणून लागले त्याला एकोणीस वर्षं झाली. पोरांनाही माझं मौन सवयीचं आहे. त्या दिवशी मी खुणेनं बोलते, आणि जरा मोकळी झाले की मनात जप करते.

त्या सोमवारी कंग्राळीची तेजस्वी आणि सूरज वैश्विक किरण मोजत होते. आकाशातून येणारा कण सिंटिलेटरच्या पाटीतून गेला की इवलासा उजेड पडतो. तो टिपणारी नळी फार नाजूक. व्होल्टेज चालू असताना तिच्यावर खोलीतला उजेड पडला तरी ती जाते. म्हणून सगळं काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं. व्होल्टेजची कळ माझ्या टेबलाशी. ती बंद करणं माझं काम.

"मॅडम, आकडे लई कमी येत्यात. व्होल्टेज बंद केलायसा न्हवं? टेप काढू?"

"मौन हाय त्यांचं. फळ्यावर लिहून इचार," सूरज हसला.

"गप रं."

माझं जपाचं शेवटचं आवर्तन चाललं होतं. कळीकडं न बघताच मी मान हलवली.

तेजस्वीनं टेप ओढली. आकडे भराभर पळाले आणि शून्यावर येऊन थांबले. नंतर काही केल्या हललेच नाहीत. नळी गेली होती.

विभागप्रमुख श्रीनाथ सर आले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"व्होल्टेज बंद आहे की नाही, कुणी बघितलं?"

तेजस्वीनं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"माझंच चुकलं, सर."

"बेंगळूरच्या कार्यशाळेला तुझं नाव देणार होतो मी. आता सूरज जाईल."

माझं मौन सुटून दहा मिनिटं झाली होती. तरी मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी महादेवाला एकशे आठ बेल वाहिले. प्रत्येक पानाला कानात ती पोर म्हणत होती, माझंच चुकलं. मी उपास सोडलाच नाही. पण तोही कुणासाठी, हे मला धड सांगता आलं नसतं.

पुढच्या सोमवारी लॅबमध्ये पाऊल टाकलं तर आत गलका चाललेला. तेजस्वीनं सगळ्यांना दटावलं, "हळू बोला की रं! मॅडमचं मौन मोडंल."

साडेदहा वाजले होते. पिशवी टेबलावर ठेवली.

"तेजस्वी," मी म्हणाले. "त्या दिवशी मान मी हलवली होती. कळ न बघता."

ती दचकली. "मॅडम, बारा वाजले न्हाईत अजून!"

"असू दे. कार्यशाळेचं नाव आज जायचंय न्हवं? चल सरांकडं."

"सर चिडतील तुमच्यावर."

"चिडू देत."

केबिनच्या दाराशी ती मागं रेंगाळली. मी तिचा हात धरला. तिच्यादेखत गप्प बसले होते, आता बोलायचंही तिच्यादेखतच होतं.